पुरात फोन लागेनासा होतो तेव्हा: घरच्यांशी संपर्क ठेवण्याची तयारी

आई-वडील चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर अशा पुराच्या गावी आणि मुलं पुण्या-मुंबईला किंवा त्याहून लांब, अशी ज्यांची घरं विभागलेली आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचं घर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शहरात शिरलं, वीज गेली, पाठोपाठ मोबाईलची रेंज गेली. आम्ही भावंडं सगळी बाहेरगावी, आणि जो तो आईच्याच नंबरवर फोन लावतोय. घरचे सुखरूप असल्याचं शेवटी कळलं ते नागपूरच्या मावशीकडून. शेजारच्या मुलाच्या फोनवरून गेलेला एक एसएमएस तिला पोचला होता, कारण तिचा नंबर आईला तोंडपाठ होता. त्यानंतर घरात जे ठरलं, आणि दर पावसाळ्याआधी जे आम्ही तपासतो, ते इथे क्रमाने देतो.

संपर्क तुटूच नये, हे आपल्या हातात फारसं नसतं. तुटल्यावर कोणी काय समजायचं आणि कोणी काय करायचं, हे मात्र आधी ठरवता येतं. या लेखातला निम्मा भाग त्याबद्दलच आहे.

फोन का लागत नाही, हे आधी समजून घ्या

कारणं दोन, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे. पहिलं म्हणजे टॉवरच बंद पडतो. वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, मग जनरेटरवर. डिझेल पोचलं नाही किंवा खालची यंत्रणा पाण्यात गेली की संपलं. दुसरं म्हणजे टॉवर चालू असतो, पण सगळं गाव आणि गावाबाहेरचे सगळे नातेवाईक एकाच वेळी फोन लावत असतात. अशा गर्दीत कॉल लागत नाही, एसएमएस मात्र बरेचदा जातो. कॉलला तेवढा वेळ मार्ग मोकळा लागतो. एसएमएस रांगेत थांबतो आणि वाट मिळाली की पुढे सरकतो. म्हणून कॉल लागत नसेल तर पुन्हा पुन्हा डायल करू नका, एक एसएमएस टाका आणि थांबा.

गंमत म्हणजे संकटाची खबर शेजारच्यालाही नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. दक्षिण मुंबईतल्या ऑफिसात बसलेल्या माणसाला कळत नव्हतं की घरचे फोन का उचलत नाहीत.

१. तुमच्या गावचं संकट कसं येतं ते बघा

कोल्हापूर-सांगलीचा पूर बहुतेक वेळा पायरी पायरीने चढतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, पण एका रात्रीत नाही. तिथल्या कुटुंबाला तयारीला वेळ मिळतो, म्हणून योजना आकड्याला बांधा. उदाहरणार्थ, ३९ फूट झाले की फोन, पॉवर बँक चार्ज आणि निरोप्याला (हा कोण ते पुढे सांगतो) पहिला एसएमएस. ४३ ची वाट न बघता आजी-आजोबा उंचावरच्या नातेवाइकांकडे. आकडा ठरलेला असला की ‘बघू अजून थोडं’ हा घरोघरचा वाद होत नाही. झाला तरी लवकर मिटतो.

चिपळूणचं तसं नाही. डोंगरातला पाऊस, कोळकेवाडीतून येणारं कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी आणि खाली दाभोळच्या खाडीला भरती, हे जुळून आलं तर पाणी काही तासांत चढतं, आणि तेही रात्री. इथे नदीच्या आकड्यावर थांबून चालत नाही. हवामान खात्याचा रेड अलर्ट आणि रात्रीची भरती एकत्र आली की त्या संध्याकाळीच योजना सुरू.

भूकंपाला इशाराच नसतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, माणसं झोपेत असताना झाला. त्या भागात राहणाऱ्यांनी खालची पायरी ३ आणि ७ तरी आजच करून ठेवावी.

२. बाहेरगावचा एक ‘निरोप्या’ नेमा

संकटातल्या घराने दहा जणांना कळवायचं नाही, एकालाच कळवायचं. बाकी सगळ्यांनी त्या एकालाच विचारायचं. हा माणूस निवडताना आम्ही या गोष्टी बघतो:

- तो त्याच नदीच्या खोऱ्यात नको. कोल्हापूरकरांनी सांगलीचा आणि सांगलीकरांनी कोल्हापूरचा निरोप्या नेमू नये, २०१९ ला दोन्ही एकदमच पाण्यात होती. कोकणातल्या घराने मुंबईचा नेमतानाही विचार करावा. जुलैत दोन्हीकडे एकच पाऊस कोसळत असतो. नागपूर, अकोला, इंदूर, बडोदा असं काहीतरी बघा.
- तो अनोळखी नंबरचे फोन उचलणारा हवा. हा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. पुरात तुमच्या आईचा निरोप येईल तो शेजाऱ्याच्या, बोटवाल्याच्या किंवा पोलिसाच्या फोनवरून. निरोप्याच्या मोबाईलमध्ये अनोळखी नंबर आपोआप बंद करणारं ॲप असेल तर तो निरोप्या नव्हे. पावसाळ्यापुरतं तरी ते काढायला लावा.
- नातं किती जवळचं याला महत्त्व नाही. घाबरून रडणाऱ्या सख्ख्या बहिणीपेक्षा वही-पेन घेऊन बसणारा चुलतमेहुणा बरा.
- एक पर्यायी माणूसही ठरवा. निरोप्या नेमका त्याच दिवशी ट्रेनमध्ये असू शकतो.

परदेशातला मुलगा किंवा मुलगी निरोप्या म्हणून सहसा नको. घड्याळ सोयीचं असतं हे खरं, इथे मध्यरात्र असताना अमेरिकेत ते जागे असतात. पण प्रीपेडवरून परदेशी एसएमएस बरेचदा जातच नाही आणि इंटरनेट तर पहिल्यांदा जातं. त्यांना रात्रपाळी द्या: निरोप्याशी व्हॉट्सॲपवर बोलायचं, बातम्या तपासायच्या आणि बाकीच्या नातेवाइकांना आवरून धरायचं. शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे.

३. कागदावर लिहा

स्वतःचा सोडून दुसरा एकही नंबर पाठ नसलेली माणसं घरोघरी आहेत. फोन भिजला की ती माणसं मुकीच होतात. म्हणून प्रत्येकासाठी खिशात मावेल असं एक कार्ड करा. त्यावर इतकं पुरे:

- स्वतःचं पूर्ण नाव, वय, रक्तगट, चालू गोळ्या, ॲलर्जी
- निरोप्याचं पूर्ण नाव आणि नंबर, त्याखाली पर्यायी माणसाचं
- गावातल्या दोन शेजाऱ्यांचे नंबर, त्यातला एक उंच भागात राहणारा
- ११२ (पोलीस, अग्निशमन, सगळ्यासाठी), १०८ (रुग्णवाहिका), १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष), १०७० (राज्याचा कक्ष). मुंबईत राहणाऱ्यांसाठी महापालिकेचा १९१६
- जमायच्या जागा (पायरी ७)

कार्डावर ‘ताई’, ‘अण्णा’, ‘बेबीमावशी’ असं लिहू नका. बोटीतून उतरवून घेणारा जवान किंवा शिबिरातला तलाठी नाव विचारतो, आणि घाबरलेल्या मुलाला बेबीमावशीचं खरं नाव आठवत नाही. कधी कधी माहीतही नसतं.

जेल पेनची शाई पाण्यात पसरते, बॉलपेन वापरा. लॅमिनेशन नाही जमलं तर झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी चालते. एक प्रत पाकिटात, एक मुलांच्या दप्तरात, एक स्वयंपाकघराच्या दाराला आतून, वरच्या बाजूला चिकटवलेली. विसरभोळेपणाचा त्रास असलेल्या आजी-आजोबांच्या कपड्याच्या आतल्या खिशात कार्ड शिवूनच टाका.

१०७७ बद्दल एक खाचखळगा. हा नंबर तुम्ही जिथून फिरवाल तिथल्या जिल्ह्याला लागतो. पुण्यात बसून १०७७ लावलात तर रत्नागिरीचा कक्ष मिळणार नाही. गावच्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा एसटीडी कोडसकट पूर्ण लँडलाईन नंबर जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावरून शोधा, लावून बघा आणि बाहेरगावी राहणाऱ्यांच्या कार्डावर लिहा.

४. निरोप कसा असेल ते ठरवा

‘आम्ही ठीक आहोत, काळजी करू नका’ या निरोपातून काहीच कळत नाही. आम्ही म्हणजे कोण? बाबा धरून का? घरातच आहात का कुठे गेलात? निरोपात पाच गोष्टी याच क्रमाने हव्यात: किती जण आणि कसे, कुठे, पाणी कुठवर, काय हवं, पुन्हा केव्हा. असा:

‘५ जण ठीक. शाळेत, वरचा मजला. बाबांची गोळी संपली. ७ला पुन्हा.’

देवनागरीत टाईप केलेल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, त्यात काना-मात्रा आणि मोकळ्या जागाही धरल्या जातात. रोमन लिपीत तोच एसएमएस १६० अक्षरांचा होतो. लांब संदेशाचे तुकडे पडतात आणि रेंज मधेच गेली तर अर्धवट पोचतात. वरचा निरोप ७० अक्षरांत बसतो. पाणी घरात नसेल तर तो भाग गाळा, पण जागा कधीच गाळू नका. शोधायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच येतो.

दुसऱ्याच्या फोनवरून पाठवताना सुरुवातीला आपलं नाव. नाहीतर निरोप्या ‘कोण हे?’ असं उलट विचारणार आणि तोवर फोनवाला निघून गेलेला असणार.

५. वेळा बांधा, आणि न आलेल्या निरोपाचा अर्थही

ही पायरी कंटाळून सोडू नका. आत अडकलेल्या माणसाच्या फोनची बॅटरी त्याच्यासाठी असते, बाहेरच्यांचं मन शांत करण्यासाठी नसते. दर पाच मिनिटांनी कुणाचा ना कुणाचा फोन येत राहिला, तर संध्याकाळी बोट बोलावायची वेळ येईपर्यंत फोन मेलेला असतो. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी आणखी लवकर संपते.

म्हणून आमच्याकडे नियम असा. सकाळी ७, दुपारी १ आणि संध्याकाळी ७ ला दहा मिनिटं एकच फोन चालू करायचा, एसएमएस पाठवायचा, आलेले वाचायचे. एरवी फ्लाईट मोड किंवा स्विच ऑफ. घरात चार फोन असतील तर बाकीचे तीन बंद ठेवून राखायचे.

बाहेरच्यांसाठी नियम:

- एक वेळ चुकली: काहीही करायचं नाही. रेंज नसेल, झोप लागली असेल, जागा बदलत असतील.
- लागोपाठ दोन चुकल्या: निरोप्याने (फक्त त्यानेच) कार्डावरच्या शेजाऱ्यांना आणि उंच भागातल्या ओळखीच्यांना विचारायचं.
- लागोपाठ तीन चुकल्या: निरोप्याने जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन करून नावं, वयं, शेवटची माहीत असलेली जागा आणि शेवटच्या निरोपाची वेळ सांगायची.

अपवाद एकच. शेवटच्या निरोपात ‘पाणी पहिल्या मजल्याला लागलं’, ‘छातीत दुखतंय’ असं काही असेल, किंवा घरात डायलिसिसवरचा, ऑक्सिजनवरचा, इन्सुलिन घेणारा माणूस असेल, तर वेळा मोजत बसायचं नाही. लगेच फोन.

हे नातेवाइकांच्या गळी उतरवायला वेळ लागतो. आमचे एक काका म्हणाले होते, ‘सख्ख्या भावाला फोन करायचा तर आता मावशीची परवानगी काढू?’ रागावणारे रागावू देत. पाऊस नसताना रागावलेले परवडतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर हा नियम मे महिन्यातच टाका आणि पुराच्या काळात ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर ठेवा, ॲडमिन निरोप्या.

व्हॉट्सॲपच्या एका टिकवरून निष्कर्ष काढू नका. एक टिक म्हणजे फोन बंद किंवा इंटरनेट नाही, इतकंच. दोन टिक आल्या तर फोन (किंवा त्याच व्हॉट्सॲपला जोडलेला कॉम्प्युटर) इंटरनेटवर आला होता एवढं मात्र कळतं. निरोप्याने ती वेळ वहीत लिहून ठेवावी.

६. फोनची तयारी

घरात निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम हवीत. दोन्ही आईच्याच फोनमध्ये नकोत, दोन फोनमध्ये वाटून. दुसऱ्या सिमचं रिचार्ज संपलेलं असतं, हा कायमचा घोळ. पावसाळ्याचे चार महिने दोन्ही चालू राहतील असा पॅक बाहेर राहणाऱ्या मुलांनीच मारावा. पॅकमध्ये एसएमएस आहेत ना हेही बघा.

साधा बटनांचा फोन पुन्हा घरात आणा. एका चार्जिंगवर तो स्मार्टफोनपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. निरोप्याचा नंबर त्यात पहिला.

मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग कधी कधी ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ सुरू करायला लावतो. म्हणजे तुमच्या कंपनीचा टॉवर बंद असला तरी दुसऱ्या कंपनीच्या चालू टॉवरवरून तुमचं सिम चालतं. फोन आपोआप जोडला गेला नाही, तर सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वरून काढून हाताने दुसरी कंपनी निवडावी लागते. आई-बाबांना हे एकदा समोर बसून करायला लावा, फोनवरून सांगून समजत नाही.

सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे चालू आहेत का पाहा. मोठ्याने भोंगा वाजवून स्क्रीनवर येणाऱ्या सरकारी इशाऱ्याला इंटरनेट लागत नाही आणि तो फोनच्या गर्दीत अडकत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲपही घ्या, पण त्याला इंटरनेट लागतं हे लक्षात असू द्या.

लँडलाईनवर विसंबणाऱ्यांसाठी: जुन्या तांब्याच्या तारेचा फोन एक्सचेंजच्या विजेवर चालायचा, घरची वीज गेली तरी. फायबरवरचा फोन घरातल्या डब्याला वीज असेपर्यंतच. इन्व्हर्टर तळमजल्यावर जमिनीवर ठेवला असेल तर पहिलं पाणी त्यालाच लागणार. शक्य असेल तर वर हलवा.

बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घ्या. मोबाईलमधला एफएम तारेचा इअरफोन लावल्याशिवाय बहुतेक फोनमध्ये चालत नाही, आणि नव्या फोनमध्ये एफएम असतोच असं नाही.

परदेशातून येताना कुणी सॅटेलाईट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणू म्हणालं तर नको म्हणा. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावरच अडवतात.

७. जमायच्या जागा

दोन लागतात. एक गावात, उंचावर, चालत पोचता येईल अशी: शाळा, देऊळ, ओळखीच्यांची वरच्या मजल्यावरची खोली. दुसरी गावाबाहेर. नदीने गाव दुभागलं असेल तर गावातलीही प्रत्येक काठावर एकेक ठरवा. २०२१ ला बहादूरशेख नाक्याजवळच्या वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला होता, कोकण रेल्वेही थांबली होती. ‘पलीकडे आत्याकडे जमू’ हा बेत अशा दिवशी कोरडाच राहतो. कोल्हापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला की गावाबाहेरची जागाही त्याच बाजूची हवी.

मुलं शाळेत असताना पाणी वाढलं तर त्यांनी शाळेतच थांबायचं, घरच्यांनी पाण्यातून आणायला निघायचं नाही. आई-वडिलांखेरीज कुणाच्या हाती मूल द्यायचं, ती दोन नावं शाळेला लेखी द्या.

घर सोडताना दाराच्या आतल्या बाजूला, पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर खडूने लिहा: कोण, कुठे, किती वाजता. बाहेर लिहिलंत तर रिकाम्या घराचा पत्ता चोराला दिल्यासारखं होतं.

८. पिशवीत काय हवं

ही पिशवी घरातल्या सगळ्यात उंच कपाटावर ठेवायची.

- सगळ्यांची कार्डं, बॉलपेन, छोटी वही, खडू
- आधार, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, विम्याची पॉलिसी, बँक पासबुकाचं पहिलं पान, यांच्या झेरॉक्स
- घरातल्या प्रत्येकाचा यंदाचा फोटो, छापलेला (कोणी सापडत नसेल तर लग्नातला फोटो उपयोगाचा नसतो)
- डॉक्टरची चिठ्ठी आणि आठवडाभराच्या गोळ्या
- पॉवर बँक, केबल, विजेरी, शिट्टी
- दहा, वीस, पन्नासच्या सुट्ट्या नोटा. रेंज नसताना यूपीआय चालत नाही आणि पाचशेची नोट मोडून द्यायला कुणी नसतं.

कागदांचे फोटो निरोप्याकडेही पाठवून ठेवा.

९. मृगाच्या आधी सराव

मे अखेरचा एखादा रविवार धरा. सगळ्यांनी इंटरनेट बंद करायचं, घरच्यांनी निरोप्याला एसएमएस पाठवायचा आणि निरोप्याने इतरांना कळवायचं. अर्ध्या तासाचं काम. नंबर बदललेले, बॅलन्स संपलेला, चष्म्याशिवाय कार्ड न वाचता येणारे आजोबा, सगळं याच रविवारी उघडं पडतं. जपानमध्ये आपत्तीच्या वेळी १७१ या नंबरवर निरोप ठेवायची आणि ऐकायची सोय आहे, आणि दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला लोकांना तिचा सराव करता येतो. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ती जरूर वापरून पाहावी. आपल्याकडे अशी सोय नाही, म्हणून घरचा निरोप्या.

१०. अफवा आणि मदतीच्या हाका

‘धरण फुटलं’ हा निरोप दर पुरात येतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. त्यातून विसर्ग वाढतो, पण ती बातमी ग्रुपवर फिरता फिरता धरण फुटण्यापर्यंत जाते. नियम: बाहेरून आलेली कुठलीही बातमी आधी निरोप्याकडे, त्याने नियंत्रण कक्षाकडून किंवा आकाशवाणीच्या बातम्यांतून खात्री केल्यावरच आत. अडकलेल्या माणसाला खोटा निरोप मिळाला तर तो रात्री पाण्यात उतरतो.

समाजमाध्यमावर मदत मागावीच लागली तर तारीख, वेळ, जागेची खूण आणि निरोप्याचा नंबर टाका. अडकलेल्याचा नंबर टाकू नका, अनोळखी लोक फोन करकरून त्याची बॅटरी संपवतात. ‘आजी घरात एकट्याच आहेत’ असंही जाहीर लिहू नका.

आणि सुटका झाली की ती पोस्ट त्याच तासाला काढून टाका, नियंत्रण कक्षाला फोन करून नावं कमी करायला सांगा. जुन्या हाका दोन-दोन दिवस फिरत राहतात आणि बोट रिकाम्या घरापाशी जाऊन परत येते. हे कामही निरोप्याचंच. त्याच्या वहीतल्या प्रत्येक नावापुढे ‘सुखरूप’ आणि वेळ लिहिली गेली, मग त्याने झोपायला हरकत नाही.